इस्माईल सारंगांचा घास

दोह्याला उतरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले, तर शेजारच्या खाटेवर एक माणूस बांधलेला दिसला.

खाटेचे डोक्याकडचे दोन्ही पाय लाकडी ठोकळ्यांवर चढवलेले होते, त्यामुळे खाट घसरगुंडीसारखी उतरती झाली होती. माणूस पन्नाशीचा, काळासावळा, आखूड पांढऱ्या दाढीचा. काखेखालून एक जुनी लुंगी फिरवून ती उशाकडच्या लोखंडी गजांना गच्च बांधलेली होती. बोटीच्या प्रवासाने मी इतका दमलो होतो की खोलीत कोण कोण आहे हे न बघताच आडवा झालो होतो. इथे चोरबीर येऊन गेले असावेत असं वाटून मी घाईघाईने गाठ सोडायला गेलो.

"राहू दे," तो माणूस डोळे न उघडता म्हणाला. "गाठ माझीच हाय."

"पण तुम्हाला बांधलं कुणी?"

"मीच. नाय बांधला तर सकाळपर्यंत पायथ्याशी पोचतो."

मग त्याने सवयीने हात मागे नेऊन गाठ सोडली, तोंड धुतलं, नमाज पढला आणि त्यानंतर माझं नाव विचारलं. मी विनायक म्हणून सांगितलं. त्याने ते 'इनायक' असं ऐकलं. पुढे आमच्या अरब मालकाने, ज्याला सगळे अरबाब म्हणत, ते 'इनायत' असं ऐकलं, आणि गुहागरच्या भटाचा मुलगा कतारात होता तेवढी वर्षं इनायत म्हणूनच ओळखला गेला. पण ते माझं झालं. मला सांगायचं आहे ते खाटेला बांधून घेणाऱ्या इस्माईल सारंगांबद्दल.

ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. दोहा तेव्हा शहर म्हणावं असं नव्हतं. किनाऱ्याला धरून बाजार, समुद्रातल्या दगडाची बसकी घरं, नुकतेच झालेले एकदोन डांबरी रस्ते, आणि ते संपले की वाळू. समुद्र इतका उथळ की मोठी जहाजं धक्क्याला लागत नसत. ती लांब खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहात आणि माणसं, पेट्या, गोणी, सगळं लाँचने आणावं-न्यावं लागे. आमचा अरबाब जहाजांचा एजंट होता. मी त्याच्या हापिसात कारकून. इस्माईलचाचा त्याच्या लाँचवर सारंग, म्हणजे लाँच त्यांच्या ताब्यात. दाभोळच्या खाडीवरचं त्यांचं गाव. बाप, आजा, सगळे दर्यावर्दी. समुद्राचा तळ त्यांना घराच्या अंगणासारखा माहीत होता आणि त्याबद्दल ते कधी बोलत नसत. बोलत ते घशाबद्दल.

"आज शमाल सुटणार," एकदा ते सकाळीच म्हणाले. शमाल म्हणजे तिकडचा उत्तरेचा वारा. मी आकाशाकडे बघितलं. आकाश निरभ्र होतं.

"कशावरून?"

"घशात भरती हाय."

शमाल सुटला नाही. दुसऱ्या दिवशीही सुटला नाही. पण चाचांची भरती मात्र खरी होती. जेवण झालं, वाकून दोर उचलला किंवा जरा आडवं झालं की पोटातलं आंबट पाणी उसळून घशापर्यंत यायचं. मग ते छातीवर मूठ दाबून उभे राहायचे, खिशातून खडूसारखी गोळी काढून चघळायचे आणि म्हणायचे, "चढला. आता ओहोटी लागंपर्यंत बोलू नको." म्हणून ती उतरती खाट आणि म्हणून ती लुंगी.

आम्ही कोकणातले सहाजण एका घरात राहायचो. राजापूरचा लतीफ आमचं जेवण करी. तांदूळ, मासे, नारळ मिळालाच तर नारळ. परदेशात रत्नागिरी जिल्हा म्हणून जे काही होतं ते संध्याकाळी लतीफच्या थाळीत होतं, आणि त्या थाळीभोवती गावाकडच्या गप्पा चालत. चाचा त्या गप्पांत कधी नसत. ते आपला वाटा डब्यात घेऊन लाँचवर जात. लाँचचं इंजिन रोज जेवणाच्या वेळेला बरोबर बिघडायचं.

लतीफला हे फार लागायचं. "अरबाबच्या घरून माझ्या कालवणाची चौकशी येते," तो म्हणे, "आणि माझ्या जिल्ह्याचा माणूस माझ्यासमोर जेवत नाय." मेसमध्ये कुणाचं मत पडे की सारंग कंजूस आहेत, समोर बसलं तर दुसऱ्याला द्यावं लागेल म्हणून पळतात. कुणी म्हणे, त्यांनी दर्ग्यावर काहीतरी नवस बोललाय.

खरं काय ते मला लाँचवर कळलं. कागदपत्रं घेऊन मी त्यांच्याबरोबर एका जहाजावर गेलो होतो. परतताना दुपार झाली. चाचांनी इंजिन मंद केलं, डबा काढला आणि मला म्हणाले, "तू तिकडं समुद्र बघ."

"काय बघू?"

"समुद्र बघ म्हटला ना. मोठा हाय, पुरेल तुला."

मी पाठ फिरवून बसलो. मागून डब्याचं झाकण वाजलं आणि मग बराच वेळ काहीच नाही. काळजीने वळून बघितलं. चाचा सुकाणूपाशी उभ्याने जेवत होते. भात डाळीत कालवून त्याचं पीठ केलेलं. बोराएवढा घास तोंडात. तो चावणं, चावणं, चावणं. मग थर्मासमधल्या कोमट पाण्याचा घोट. मग मान उंच करून बगळ्यासारखी लांब केली, खांदे मागे ओढले, टाच दोनदा फळीवर आपटली आणि डोळे मिटून स्वतःच्या छातीत काय चाललंय ते ऐकत उभे राहिले. शेवटी चेहरा सैल झाला.

"उतरला," ते म्हणाले. "हम्दुलिल्ला." आणि दुसरा घास घेतला.

मी हसलो नाही. हसण्यासारखं होतं, पण त्या माणसाच्या कपाळावर घाम होता.

त्या दिवसापासून 'समुद्र बघ' हे आमच्यातलं ठरून गेलं. चाचांच्या जगात दोनच जाती होत्या, उतरणारं आणि अडणारं. पेज उतरणारी, केळं उतरणारं, ताजी मांदेली काटा काढून उतरणारी. तिथली जाड रोटी, म्हणजे खबूस, अडणारी. खजूर अडणारा, आणि जिथे जावं तिथे तोच पुढे येणार. हळूहळू ही वाटणी जेवणापलीकडे गेली. हापिसातला गोरा म्यानेजर अडणारा. त्याच्या हाताखालचा कराचीचा अकाउंटंट चावून चावून उतरणारा. एकदा मी विचारलं, "चाचा, मी कसा?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "तू पेज हायस. पण मीठ कमी."

डॉक्टरला दाखवा म्हटलं की मात्र ते टाळत. "दाखवीन, इन्शाल्ला," एवढंच म्हणत, आणि त्या इन्शाल्लाचा अर्थ नाही असा होता हे सगळ्यांना कळायचं.

दुसरी गोष्ट अशी की चाचा घरी जात नसत. पंधरवड्याने मुंबईची आगबोट येई. रजेवर निघालेली माणसं ट्रंका, गालिचे, चहाच्या किटल्या घेऊन लाँचवर बसत. चाचा त्यांना जहाजाच्या शिडीपर्यंत नेत, प्रत्येकाला हात देऊन वर चढवत, "गावाला सलाम सांग" म्हणत आणि लाँच वळवत. त्यांची स्वतःची रजा केव्हाच साठली होती. ती ते दुसऱ्याच्या नावावर लावून देत. "त्याची पोरगी लग्नाची हाय, त्याला जाऊ दे." घरी बायको होती, मूल नव्हतं. लोक म्हणायचे, सारंगांचं मन घरावरून उडालंय. चार वर्षं ते गावाला गेले नव्हते.

त्या साली बकरी ईदला अरबाबने सगळ्यांना घरी बोलावलं. चाचा दरवर्षी काहीतरी काढून सुटत. एकदा जबड्याला फडकं बांधून दात दुखतो म्हणाले होते. एकदा क्षितिजावर कुणालाच न दिसलेलं जहाज त्यांना दिसलं होतं. पण या वेळी अरबाबने मोटार पाठवली आणि चाचांना आपल्या शेजारी बसवलं. अरबाब तरुणपणी मोती काढणाऱ्या गलबतांचा कप्तान होता. गोऱ्या म्यानेजरपेक्षा सारंगाची किंमत त्याला जास्त होती. भल्या मोठ्या परातीत भात, त्यावर अख्खं कोकरू. अरबाबने खांद्याजवळचं मांस स्वतःच्या हाताने तोडलं आणि चाचांपुढे ठेवलं. "तफद्दल, सारंग." म्हणजे घ्या. सगळी बैठक बघत होती.

चाचांनी ते तोंडात घातलं. मी दोन माणसं सोडून बसलो होतो. ते पुष्कळ वेळ चावत राहिले. मग गिळलं, मान उंच केली आणि तशीच ठेवली. मी 'उतरला' ऐकायची वाट बघत होतो. ते काही न बोलता उठले आणि हात धुवायला जावं तसे बाहेर गेले.

मी मागोमाग गेलो. चाचा अंगणातल्या भिंतीला कपाळ टेकून उभे होते. तोंडातून लाळेची तार गळत होती. त्यांना स्वतःची थुंकीही गिळता येत नव्हती.

"अडला," ते म्हणाले.

"पाणी देऊ?"

"प्यायलो. पाणी पण वर आला."

सणाचा दिवस होता म्हणून ते तासभर तसेच उभे राहायला तयार होते. मी आत जाऊन अरबाबला सांगितलं. तो ताटावरून उठला आणि स्वतः मोटार चालवत आम्हाला हॉस्पिटलात घेऊन गेला. वाटेत चाचा मांडीवर पितळी भांडं धरून बसले होते आणि 'गाडीला डाग पडंल' एवढीच त्यांना चिंता होती.

मद्रासकडचे एक डॉक्टर होते. त्यांनी चाचांना गुंगी देऊन घशातून सरळ धातूची नळी घातली आणि ते मांस बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी ते हिंदीतून समजावून सांगू लागले. वर्षानुवर्षं पोटातलं आम्ल वर येतंय. अन्ननलिकेचं खालचं टोक त्याने भाजून भाजून आकसलंय, म्हणून घास तिथे थांबतो. त्या जागेचा कणभर तुकडा काढून त्यांनी तपासायला परदेशी पाठवला होता. उत्तर यायला काही आठवडे लागतील म्हणाले.

"इतकी वर्षं का नाही आलात?" त्यांनी विचारलं.

चाचांनी कूस बदलली. डॉक्टर गेल्यावर म्हणाले, "खाडीच्या तोंडाशी गाळ साचलाय म्हणतो. ते मला पण माहीत होता. गाळ कसला हाय, ते बोल म्हणावा."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांचा असाच घास अडायला लागला होता. आधी भाकरी, मग भात, मग पेज, शेवटी पाणी. घशाचा तो रोग होता आणि सहा महिन्यांत सगळं संपलं. चाचा तेव्हा बोटीवर होते. म्हाताऱ्याचं सगळं त्यांच्या बायकोने केलं. चमच्याने पाणी पाजायची, ते परत आलं की पुसून घ्यायची, पुन्हा पाजायची.

"तिनं ते सगळा एकदा बघितलाय," चाचा म्हणाले. "माझा घास अडतो हे तिला कळला, तर ती मला जिवंतपणीच रडून घेईल. म्हणून डॉक्टर नाय आणि म्हणून घर नाय. समजला? आणि तू कुठं बोलायचा नाय."

मी बोलणार नाही म्हणालो.

ते आठवडे मला अजून आठवतात. चाचा कामावर परतले आणि त्यांनी लाँच रंगवायला घेतली. तळापासून वरपर्यंत खरवडून, फटींत लांबी भरून, दोन हात रंग. इंजिन उघडून पुसलं. जुने दोर काढून नवे वळले. लाँच इतकी चकचकीत झाली की म्यानेजर बघायला आला. मी विचारलं, "एवढी घाई कशाला?" तर म्हणाले, "दुसऱ्याच्या हातात गेली तर नावं ठेवायला नको."

उत्तर आलं तेव्हा डॉक्टरांनी मलाही बरोबर बोलावलं होतं. वडिलांचं दुखणं ते हे नव्हे, असं त्यांनी सांगितलं. चाचांनी ते हिंदीत ऐकलं, मग मला म्हणाले, "आपल्या भाषेत सांग." मी सांगितलं. ते म्हणाले, "परत सांग." परत सांगितलं. ते उठून खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

त्यानंतर डॉक्टर दर महिन्याला त्यांचा घसा रुंद करू लागले. चाचा स्टुलावर ताठ बसायचे आणि डॉक्टर पारा भरलेली रबरी कांडी त्यांच्या घशात सोडायचे. आधी बारीक, मग जाड, मग आणखी जाड. "सारंग, गिळा" म्हटलं की चाचा गिळायचे. डोळ्यांतून पाणी वाहायचं, पण परत येताना मला म्हणायचे, "पायलट चांगला हाय. जहाज कुठं घासत नाय." भरती कमी झाली नव्हती, ती औषधाने आणि उतरत्या खाटेनेच आवरायची. तरी मऊ भात आता टाच न आपटता जायचा. अरबाबला आपल्या हाताने दिलेल्या त्या घासाची खंत होती. पुढल्या सणाला त्याने चाचांसाठी वेगळं भांडं आणवलं. गहू आणि मांस घोटून घोटून खिरीसारखं केलेलं, त्याला तिकडे हरीस म्हणतात. "मला दात नाहीत आणि तुला घसा नाही," अरबाब म्हणाला, "आपण दोघे हेच खाऊ." चाचांनी मान्य केलं की अरबाब उतरणारा आहे.

पण ते घरी गेले नाहीत. मला वाटलं होतं, आता पहिल्या आगबोटीने जातील. एकदा जहाजावरून परतताना मी तसं बोललो.

"जाऊन काय करू?" चाचा म्हणाले. "मागच्या रजेत काय झाला ते तुला नाय माहीत." मग सुकाणूवर हात ठेवून, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं. त्यांची बायको पंचक्रोशीत नावाजलेली. लग्नकार्यात लोक तिला सांदणं करायला बोलावून नेत. चाचा घरी आले की ती रोज नवं काही करायची. चाचा दोन घास घेऊन मागच्या दारी जात, माडाखाली ते ओकून टाकत आणि तोंड पुसून परत येत. पोट भरलं म्हणत. ती काही बोलायची नाही. पण एकदा ते पाणी प्यायला चुलीकडे गेले, तर ती पळीने कालवण हातावर घेऊन चाखत होती. थोडं मीठ घालायची, चाखायची. नारळाचं दूध घालायची, चाखायची. पुन्हा चाखायची.

"तिला वाटला तिच्या हाताची चव गेली," चाचा म्हणाले. "माझ्या घशापायी. आता परत जाऊन तिला तसाच उभा करू चुलीपुढं?"

"मग सांगून टाका ना."

"इतकी वर्षं नाय सांगितला. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

पुढे माझी रजा आली. चाचांनी मला बायकोसाठी कापड आणि अत्तर दिलं आणि शिडीखाली लाँच धरून बजावलं, "विचारला तर बोल, तब्येत झकास हाय. मटण खातो बोल."

घरी चार दिवस राहून मी खाडी ओलांडून त्यांच्या गावी गेलो. चाची बारीक चणीच्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या. मला ओटीवर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला, सांदणं दिली. कापड हातात घेऊन बाजूला ठेवलं, उलगडून बघितलं नाही.

"तब्येत कशी हाय त्यांची?" त्यांनी विचारलं.

"झकास आहे. मटण खातात," मी म्हणालो.

"तू चांगल्या घरचा दिसतोस," त्या म्हणाल्या. "तुला खोटा नाय बोलता येत."

मी सांदणाचा तुकडा खाली ठेवला.

"मामूंना मी माझ्या हातानं भरवलंय," चाची म्हणाल्या. मामू म्हणजे त्यांचे सासरे. "माणसाचा घास अडला की मान कशी होते, ते मला नाय कळणार? ते रजेवर आले त्या पहिल्या दुपारीच कळला मला. मग मी कालवण पातळ करून बघितला, तिखट कमी करून बघितला, आंबट काढून बघितला. काय उतरतं ते शोधत होते. ते मागच्या दारी जायचे आणि मी इकडं भांडी वाजवायची, म्हणजे त्यांना वाटावा मला ऐकू नाय आला."

"चाची, मग तुम्ही त्यांना—"

"ते लपवत होते ना. लपवू दिला." त्यांनी पदर सारखा केला. "आधी वाटला, मामूंसारखाच. रोज खाडीकडं बघायची, कोण निरोप घेऊन येतो काय. मग वर्ष झाला, दोन झाली. मामूंना तर सहा महिने पण नाय मिळाले. म्हणजे हे काय तरी दुसरा असंल, असा मनाला समजावला." मग त्यांनी विचारलं, "डॉक्टरानं बघितला?"

चाचांना दिलेला शब्द मला आठवत होता. पण लपवायचं होतं ते आता उरलंच नव्हतं.

"बघितलं," मी म्हणालो. "तुकडा काढून तपासला. तो रोग नाही, चाची. मी स्वतः ऐकलंय."

त्या उठून आत गेल्या. आतून कसलाच आवाज आला नाही. मी ओटीवर बसून होतो. खाडीतून एक होडी या काठावरून त्या काठाला गेली, तरी त्या बाहेर आल्या नाहीत. मी निघावं की काय अशा विचारात होतो, तेव्हा त्या हातात पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डोळे धुतलेले दिसत होते.

"नाचणीचा सत्त्व हाय," त्या म्हणाल्या. "दर वर्षी करते, ते येतील म्हणून. हा या वर्षीचा. मला माहीत हाय ते नको सांगू. नुसता दे."

दोह्याला उतरलो तेव्हा शिडीखाली चाचाच होते. लाँच धक्क्याला लागली, बाकीची माणसं उतरून गेली आणि मी डबा त्यांच्यापुढे ठेवला. "घरून दिलंय."

"काय बोलली?"

"तब्येत विचारली. मी झकास म्हणालो."

त्यांनी झाकण उघडलं, चिमूटभर पीठ घेऊन दोन बोटांत चोळलं. पुन्हा घेतलं, पुन्हा चोळलं. इतकं बारीक की बोटांवर लागलं ते दिसत नव्हतं, नुसता रंग दिसत होता.

"वस्त्रगाळ हाय," ते हळूच म्हणाले. "एकदा नाय, पुन्हापुन्हा गाळलेला. असा माझ्या बापासाठी करायची. मी तिच्याच तोंडून ऐकलाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू बोललास?"

"मी जायच्या आधीच त्यांना ठाऊक होतं, चाचा. मागल्या रजेपासून. पहिल्या दुपारपासून."

चाचींनी मला सांगू नको म्हटलं होतं, पण त्या डब्यानेच सगळं सांगून टाकलं होतं. चाची चुलीपुढे चाखून काय बघत होत्या तेही मी मग सांगितलं. काय उतरतं ते शोधत होत्या, चव नव्हे. चाचा लाँचच्या कठड्यावर बसले. धक्क्यावर हमाल ओरडत होते, कुणीतरी "यल्ला, यल्ला" करून लाँच हलवायला सांगत होता. चाचांना ते ऐकू येत नव्हतं. पुष्कळ वेळाने त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि म्हणाले, "हापिसात चल. माझ्या रजेचा बघ."

ते गेले त्या दिवशी लाँच त्यांच्या हाताखालच्या बलुची खलाशाने नेली. चाचांनी वाटेत त्याला चारदा रागे भरलं. शिडी चढताना त्यांनी खाली वळून बघितलं नाही.

पावसाळा काढून ते परत आले. अंगावर थोडं मांस चढलं होतं. लतीफसाठी चाचींनी मसाला पाठवला होता, माझ्यासाठी आंबापोळी. गावाकडचं काही विचारलं की चाचा "सगळा बरा" म्हणत आणि विषय संपवत. मीही खोदून विचारलं नाही. पुढे एकदा आम्ही जहाजावरून परतत होतो. वारा पडला होता, पाणी तेलासारखं होतं. चाचांनी आपण होऊन सुरुवात केली.

"पहिल्या दिवशी तिनं दोन ताटल्या मांडल्या," ते म्हणाले. "आमच्यात बायका मागून जेवतात. लग्न झाल्यापासून ती माझ्यासमोर कधी जेवायला बसलेली नाय. त्या दिवशी बसली. दोन्हीकडं पेज. मी बोललो, तू कशाला पेज खातेस? ती काय बोलली नाय."

त्यांनी सुकाणू जरा फिरवलं.

"मी आपला माझ्या रीतीनं जेवत होतो. एक घोट, थांबायचा, एक घोट. मान वर करायची तेवढी केली. ती बघत नव्हती. तुला ठाऊक हाय, माणसांत बसलो की सगळ्यांचे हात धुवून होतात आणि माझा पहिला घास छातीत असतो. त्या दिवशी माझा जेवण संपला. ताटली पुसून झाली. वर बघतो, तर तिची ताटली अर्धी भरलेली. सावकाश चावत होती." चाचा थांबले. "पेज चावत होती, इनायक. पेज कोण चावतो?"

मी समुद्राकडे बघत राहिलो.

"मग मी बसून राहिलो," ते म्हणाले, "तिचा होईपर्यंत."